वॉर्डात पेशंट गेल्यावर: नातेवाईकांसोबतचा पहिला तास आणि आपल्या मनावरचा भार

प्रश्न असा आहे: मराठवाड्यातल्या एका शासकीय रुग्णालयात मेडिसिन आयसीयूला नव्याने रुजू झालेल्या सिस्टर विचारतात, की पेशंट गेल्यावर नातेवाईकांसमोर उभं कसं राहायचं, आणि ड्युटी संपल्यावरही ते रडणं कानातून जात नाही त्याचं काय करायचं.

माझ्या मते हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. मृत्यू बघण्याला माणूस हळूहळू सरावतो. अर्धवट राहिलेल्या गोष्टींना मात्र सरावता येत नाही. बातमी जिन्यात उभ्याउभ्या सांगितली गेली, आईला लेकराचा हात धरू दिला नाही, बॉडी उघड्या स्ट्रेचरवरून गर्दीतून नेली, कागदावर नाव चुकलं म्हणून मुलाला गावाहून तीन हेलपाटे पडले. घरी गेल्यावर छळतं ते बहुतेक वेळा हे. म्हणून आधी काम नीट कसं करायचं ते सविस्तर सांगणं भाग आहे. मन सांभाळण्याचे उपाय त्यानंतर, कारण त्यातला निम्मा भाग या कामातच असतो.

मृत्यूच्या आधी

बातमी सांगायची सुरुवात पेशंट गेल्यावर होत नाही, तो सिरियस झाल्यावर होते. भरती झाल्या दिवशीच नातेवाईकांना सांगा, "तुमच्यातला एक माणूस बोलायला ठरवा, दुसरा त्याच्या जोडीला." दोघांची नावं, नातं आणि दोन मोबाइल नंबर केसपेपरच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. गावाकडून वीस माणसं आली की प्रत्येक जण वेगळ्या डॉक्टरला गाठून वेगळं उत्तर घेऊन जातो आणि संध्याकाळी बाहेर व्हरांड्यात त्या उत्तरांची भांडणं होतात. रोज ठरलेल्या वेळी, शक्यतो त्याच डॉक्टरांनी, पाच मिनिटं बोलायचं आणि काय बोललो ते तारीख-वेळेसह केसपेपरवर लिहायचं. "बघू", "प्रयत्न चालू आहेत" एवढ्यावर चार दिवस काढले, तर पाचव्या दिवशीचा मृत्यू घरच्यांना अचानक झालेला वाटतो आणि अचानक झालेल्या मृत्यूत ते दोषी शोधतात.

आपल्या भागात दोन प्रकारचे पेशंट या बाबतीत विशेष काळजीचे. पहिला, तणनाशक पिऊन आलेला. पॅराक्वाट पोटात गेलेला माणूस पहिल्या दिवशी शुद्धीत असतो, बोलतो, उठून बसतो. तोंडात फोड असतात, पण घरच्यांना वाटतं आता धोका टळला. दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडं जातात, त्यानंतर फुप्फुसं. त्यावर उतारा नाही. हे पहिल्याच दिवशी, तो चांगला दिसत असतानाच सांगावं लागतं: "आज बोलतोय म्हणून फसू नका. हे औषध उशिरा मारतं. येणारे आठ-दहा दिवस अवघड आहेत, ज्यांना भेटायचंय त्यांना बोलावून घ्या." शेवटी घरच्यांना निरोप घ्यायला मिळाला की नाही, हे या एका संभाषणावर ठरतं.

दुसरा, मण्यार चावलेला. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावते, खूण नीट दिसतही नाही. पूर्ण लुळेपणा आल्यावर पापण्या उघडत नाहीत, बाहुल्या प्रकाशाला हलत नाहीत, हातपाय मेल्यासारखे पडतात, आणि तरीही आत माणूस शुद्धीत असू शकतो, ऐकत असू शकतो. व्हेंटिलेटरवर टिकवला तर तो उठून घरी जातो. अशा पेशंटच्या उशाशी "ब्रेन डेड दिसतोय" असं कुणीही बोलू नये आणि घाईने मृत घोषित तर मुळीच करू नये. एकूणच उशाशी बोलताना पेशंट ऐकतोय असं धरून चालावं.

ज्यांचा शेवट जवळ आलाय हे नक्की आहे, त्यांच्या घरच्यांना शेवटच्या तासांची लक्षणं आधी सांगून ठेवा. श्वासात लांब खंड पडतो, मग पुन्हा भराभर श्वास येतो. घशात घरघर होते; ती साठलेल्या लाळेची असते, बहुतेक वेळा पेशंटला तिचा त्रास होत नाही. कुशीवर वळवलं की ती कमी होते. गुडघ्यांवर, तळव्यांवर निळसर जाळी उमटते. हे माहीत नसलं की प्रत्येक खंडाला माणसं धावत येतात आणि तुमच्या अंगावर ओरडतात. त्यामागे राग नसतो, भीती असते. तोंडात तुळशीपत्र, गंगाजल घालायचं म्हणतात. गिळता येत नसेल तर चमचाभर पाणी श्वासनलिकेत जातं. म्हणून बोळा भिजवून ओठांना आणि जिभेच्या टोकाला लावायला सांगा. विधीही होतो, इजाही होत नाही. मुस्लिम घरात कानाशी कलमा म्हणायचा असतो, बौद्ध घरात त्रिसरण-पंचशील. आयसीयूत एका माणसाला दहा मिनिटं आत सोडल्याने काही बिघडत नाही.

मृत्यू नक्की करणं, आणि व्हेंटिलेटरचा प्रश्न

डॉक्टर नाडी, हृदयाचे ठोके, श्वास आणि बाहुल्या निदान पाच मिनिटं तपासतात, सरळ रेषेची ईसीजी पट्टी काढतात, तिच्यावर नाव, तारीख, वेळ लिहून केसपेपरला लावतात. मृत्यूची वेळ एकच असावी. डॉक्टरांच्या नोंदीत ३.१०, सिस्टरांच्या नोंदीत ३.४० आणि रजिस्टरमध्ये ४.०० असेल, तर पुढे प्रत्येक मिनिटाचा हिशेब द्यावा लागतो. आधी बोलून वेळ ठरवा, मग सगळीकडे तीच लिहा.

आपल्याकडे सर्वांत खोलवर बसलेला संशय म्हणजे "मेलेल्या माणसाला बिलासाठी व्हेंटिलेटरवर ठेवलं". सरकारी दवाखान्यात बिलाचा प्रश्न नसला तरी संशय असतोच. त्याला मशीनच खतपाणी घालते: हृदय थांबलं तरी व्हेंटिलेटर हवा ढकलतच राहतं आणि छाती वरखाली होते. "जीव हाय की अजून, छाती हालतीया," असं म्हणणारी आई तिच्या डोळ्यांना दिसतं ते सांगत असते. तिच्याशी वाद घालू नका. ठरवलेल्या दोन माणसांना पलंगाशी आणा, मॉनिटरवरची सरळ रेषा दाखवा आणि सांगा: "ही हवा मशीन ढकलतंय. हृदय थांबलंय. आता मशीन बंद करतो, मग छाती हलणार नाही." अलार्म आधी बंद करा, मग मशीन. पेसमेकर असेल तर मॉनिटरवर त्याचे ठोके दिसत राहतात, तेही समजावून सांगावं लागतं. दहनाआधी तो काढावाच लागतो, कारण चितेत त्याचा स्फोट होतो. बॉडी कुशीवर वळवताना छातीतली हवा बाहेर पडून कण्हल्यासारखा आवाज येतो. त्या वेळी घरचं कुणी जवळ असेल तर आधीच सांगून ठेवा. नाहीतर "श्वास घेतला" म्हणून पूर्ण वॉर्ड जमा होतो.

बातमी

बातमी डॉक्टरांनी द्यायची, पण सिस्टर शेजारी हवी. कारण डॉक्टर दोन मिनिटांत पुढच्या पेशंटकडे जातात आणि त्यानंतरचे सगळे प्रश्न तुमच्याकडे येतात. काय सांगितलं गेलं ते तुम्ही स्वतः ऐकलेलं असावं. जागा बसायची हवी. वेगळी खोली नसेल तर ड्युटी रूम रिकामी करून घ्या. मोबाइल सायलेंटवर. हातमोजे, रक्ताचे डाग असलेला एप्रन काढून जा.

आधी विचारा, "तुम्हाला काल काय सांगितलं होतं?" त्यांच्या उत्तरावरून कळतं की किती अंतर कापायचंय. मग एक वाक्य इशाऱ्याचं: "बातमी वाईट आहे, काका." मग सरळ: "बापूंचा मृत्यू झालाय. तीन वाजून दहा मिनिटांनी." नाव किंवा नातं घ्या, "पेशंट एक्स्पायर झाला" नको. "ते गेले" एवढंच म्हटलं तर पुढच्या दवाखान्यात हलवले असं समजणारेही भेटतात, म्हणून एकदा तरी मृत्यू हा शब्द यायला हवा. त्यानंतर गप्प राहा. दहा-पंधरा सेकंदांची ती शांतता फार लांब वाटते आणि नेमकी तेव्हाच आपण इंजेक्शनं, बीपी, क्रिएटिनिन यांची माहिती भरायला लागतो. त्या वेळी काहीही ऐकू जात नसतं. कारणं विचारली की थोडक्यात सांगा, त्रास झाला का असं विचारलं तर खरं सांगा. "देवाची मर्जी", "वय झालं होतं", "सुटले बिचारे" ही वाक्यं त्यांनी म्हणायची असतात, आपण नाही. "अजून लवकर आणलं असतं तर" हे तर कधीच नाही. रेफर होत होत अंबाजोगाई, लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयापर्यंत पोचलेल्या माणसांनी ते स्वतःला आधीच दहा वेळा म्हटलेलं असतं.

फोनवर सांगायची वेळ आली तर पहिला प्रश्न: "तुम्ही गाडी चालवताय का? सोबत कोण आहे?" रात्री मोटारसायकलवर एकट्याने निघालेल्या मुलाला थांबायला सांगून त्याच्या चुलत्याचा नंबर घ्या. "सिरियस आहे, लवकर या" असं खोटं सांगून बोलावण्याची पद्धत सर्रास आहे. माझा तिला विरोध आहे. माणूस जीव धोक्यात घालून गाडी पळवतो, आणि पोचल्यावर वेळ पाहिली की त्याला कळतं, फोन केला तेव्हाच सगळं संपलं होतं. त्यानंतर तो तुमच्या एकाही शब्दावर विश्वास ठेवत नाही. अगदी म्हातारं, एकटं माणूस फोनवर असेल तर त्याच्याकडून शेजाऱ्याचा किंवा भावकीतल्या कुणाचा नंबर घेऊन त्यांना सांगणं हाच मार्ग.

हंबरडा, दातखीळ आणि गर्दी

हंबरडा फोडून रडणं ही आपल्याकडची रीत आहे. सुरक्षारक्षकाला "शू, शांत बसा" म्हणायला लावू नका. पडदा ओढा आणि पंधरा-वीस मिनिटं द्या. ऊर बडवणाऱ्या बाईचे हात धरून ठेवायचे नाहीत. मागे उशी ठेवायची, पलंगाचा लोखंडी दांडा तिच्या डोक्याजवळून दूर करायचा. बहुतेक नातेवाईक सकाळपासून उपाशी असतात, त्यात शुगरचे, बीपीचे पेशंट असतात. कुणी कोसळलं तर जमिनीवर आडवं करून पाय वर, नाडी, बीपी, शुगर तपासा. भराभर श्वास घेऊन हाताची बोटं वाकडी होतात, तेव्हा शेजारी बसून श्वास हळू घ्यायला लावा.

दातखीळ बसली की घरचे दातात चमचा घालतात, तोंडात पाणी ओततात, नाकाशी कांदा किंवा चप्पल धरतात. चमच्याने दात तुटतात, पाणी फुप्फुसात जातं. "कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, दोन मिनिटांत आपोआप सुटेल" हे ठामपणे सांगावं लागतं. दोन मिनिटांत सुटली नाही किंवा झटके आले तर मात्र कॅज्युअल्टीत न्या.

राग आवाजात असतो तोवर ऐकून घ्या. माणसं घेराव घालून उभी राहिली, दाराकडची वाट अडली, कुणी मोबाइलवर शूटिंग करत चिथावणी द्यायला लागलं, की एकट्याने उभं राहायचं नाही. सीएमओ (कॅज्युअल्टीवरचे ड्युटी डॉक्टर) आणि सुरक्षा यांना बोलवा आणि स्वतः दाराच्या बाजूला या. वैद्यकीय सेवा देणाऱ्यांवरच्या हल्ल्याविरुद्ध राज्यात २०१० चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड. पण तो कायदा नंतर कामाला येतो. त्या क्षणी उपयोगी पडतो तो घरातला वडीलधारा माणूस. तो कोण हे भरतीच्या दिवशीच हेरून ठेवा. सरपंच असेल, मामा असेल, गावातले गुरुजी असतील.

एक गोष्ट नेहमी राहून जाते. वॉर्डात आणखी तीस पेशंट असतात आणि त्यांनी सगळं ऐकलेलं असतं. बॉडी हलवल्यावर शेजारच्या चार-पाच पलंगांपाशी जाऊन दोन वाक्यं बोला: "त्यांचा आजार वेगळा होता. तुमचं बीपी आज चांगलं आहे." बेड लगेच नव्या पेशंटला द्यावा लागतो हे खरं, पण निदान चादर बदलणं, गादी पुसणं आणि बाजूच्या कपाटातल्या वस्तू घरच्यांना देणं पूर्ण होईपर्यंत थांबता येतं.

शेवटची तयारी

आधी एकच विचारा: ही केस एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवावी लागणारी, आहे का? अपघात, भाजणं, विषबाधा, फाशी, सर्पदंश, मारहाण, अनोळखी व्यक्ती, आणलं तेव्हाच मृत असलेली व्यक्ती, लग्नाला सात वर्षं न झालेली स्त्री. यात बॉडी धुवायची नाही, नळ्या काढायच्या नाहीत, कपडे फेकायचे नाहीत, कापताना फाटलेल्या किंवा भोक पडलेल्या जागेतून कात्री घालायची नाही. पोट धुतलेल्या पाण्याचा नमुना सील करून पोलिसांना द्यायचा.

एमएलसी नसेल तर वेळेचं भान ठेवा. आपल्या हवेत एक-दोन तासांत पापण्या, जबडा, मान ताठ व्हायला लागते आणि बारा तासांच्या आत सगळं अंग. म्हणून डोळे आणि तोंड पहिल्या अर्ध्या तासात. पापण्या बोटांनी हलकेच अर्धा मिनिट मिटून धरा, राहत नसतील तर ओला बोळा ठेवा. दातांची कवळी धुऊन बसवा. नंतर ती बसत नाही आणि चेहरा ओळखू येईनासा होतो. हनुवटीखाली गुंडाळलेला टॉवेल किंवा डोक्यावरून बँडेजची पट्टी. डोक्याखाली एक उशी ठेवायचीच, नाहीतर रक्त चेहऱ्याकडे उतरून तो काळा-निळा पडतो आणि घरचे "काय केलं हो याला" असं विचारतात. राइल्स ट्यूब (नाकातून पोटात गेलेली नळी) आणि कॅथेटर (लघवीची नळी) काढा. सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) काढल्यावर ती जागा पाच मिनिटं दाबून धरा. रक्त पातळ करायचं औषध चालू असेल तर रक्त झिरपतच राहतं, तिथे घट्ट ड्रेसिंग. डायपर लावा. चेहऱ्यावरचा टेपचा चिकटपणा तेलाच्या बोळ्याने पुसा, केस विंचरा. या दहा मिनिटांत घरातल्या एकाला सोबत घ्यायचं का, हे विचारून बघा. अनेक मुली, सुना हो म्हणतात. माणसाला करायला काही मिळालं की त्याचे हात थरथरायचे थांबतात, आणि तुमचेही.

दागिने दोन साक्षीदारांसमोर उतरवा, यादी करा. सोनं लिहू नका, "पिवळ्या धातूचं मंगळसूत्र, एक" असं लिहा. पारख हे आपलं काम नाही. निघत नसेल ती अंगठी, जोडवी ओढून काढू नका, चिकटपट्टी लावून नोंद करा. नावाची चिठ्ठी मनगटाला, घोट्याला आणि बाहेरच्या चादरीला, तिन्हीकडे. शवागारातली अदलाबदल बहुतेक वेळा सारख्या आडनावामुळे आणि एकाच चिठ्ठीमुळे होते. ताबा देताना चेहरा उघडून दाखवा, मगच सही किंवा अंगठा घ्या.

आता रीतिरिवाज, कारण मराठवाड्यात यातल्या चुका सर्वांत जास्त दुखावतात. लातूर, नांदेड, धाराशिव भागातल्या लिंगायत घरांत मृतदेह बसवून समाधी देतात. अंग सरळ ताठ झालं किंवा बॉडी तशीच शीतपेटीत गेली तर पुढे त्यांची फार ओढाताण होते. पहिल्या तासातच विचारा आणि गुडघे बांधू नका. मुस्लिम घरांत दफन लवकर व्हावं लागतं, गुस्ल (मृताची अंघोळ) त्यांचेच लोक देतात, पुरुषाला पुरुष आणि स्त्रीला स्त्री. आपण फक्त डोळे-जबडा सांभाळायचं, अंग झाकलेलं ठेवायचं, कागद आधी पूर्ण करायचे. नांदेडला शीख पेशंट असतात. कडं, कृपाण, केस यांना विचारल्याशिवाय हात लावू नका. महानुभाव पंथात पुरण्याची रीत आहे. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं हे कोणी वॉर्डातच सुरू केलं तर काचा पसरतात आणि ती बाईही जखमी होते. "हे घरी गेल्यावर बघा, माय, आता त्यांच्याजवळ बसा," एवढं म्हणून बहुतेक वेळा ते थांबतं.

ऊसतोडीच्या हंगामात, दिवाळीच्या आसपासपासून मार्च-एप्रिलपर्यंत, बीडकडची कर्ती माणसं पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडावर असतात. मागे राहिलेलं म्हातारं गेलं की मुलगा यायला रात्र जाते आणि त्याच्याशिवाय माती होत नाही. शीतपेटी साधारण चार अंशांवर असते. एक रात्र सहज निभते. पेटी भरलेली असेल तर उन्हाळ्यात बर्फ पोटाभोवती लावायला सांगा, कारण कुजणं उजव्या बाजूला ओटीपोटातून सुरू होतं. १०८ ची गाडी मृतदेह नेत नाही, हे अनेकांना तेव्हाच कळतं. शववाहिकेचे दोन-तीन नंबर भिंतीवर लावून ठेवा, म्हणजे रात्री दोन वाजता गेटवरच्या दलालाच्या तोंडी भाव ठरत नाही. खासगी दवाखान्यात काम करणाऱ्यांनी हेही माहीत ठेवावं, की बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही; रुग्ण हक्कांच्या सनदेत ते स्पष्ट आहे.

नेत्रदान सहा तासांच्या आत होतं. पंखा बंद, पापण्यांवर ओला बोळा, डोकं थोडं उंच. विचारणारा माणूस शक्यतो बातमी देणारा नसावा, आणि नाही म्हणाले तर दुसऱ्यांदा विचारू नये.

कागद

कागदांचा भाग रुक्ष वाटतो, पण घरच्यांच्या पुढच्या वर्षभराचा त्रास इथे ठरतो. मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र फॉर्म ४ वर असतं, आणि २०२३ च्या सुधारणेनंतर त्याची प्रत जवळच्या नातेवाईकाला द्यायची असते. कारणाच्या जागी "कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट" एवढंच लिहिणं चूक आहे, ते कारणच नाही. नाव आधार कार्ड बघून, अक्षर-अक्षर. सातबाऱ्यावर वारस लावताना, बँकेत, विम्यात हेच नाव जुळावं लागतं. नोंद २१ दिवसांच्या आत, आणि ती मृत्यू जिथे झाला तिथे होते, गावच्या ग्रामपंचायतीत नाही. हे सांगितलं नाही तर हिंगोलीच्या खेड्यातला माणूस महिनाभर ग्रामसेवकाकडे चकरा मारतो.

पोस्टमॉर्टेमला (पीएम) घरच्यांचा विरोध असतो: "चिरफाड नको." एमएलसीत तो त्यांच्या इच्छेचा विषय नाही, हे हळुवारपणे पण स्पष्ट सांगा. सोबत हेही सांगा, की सर्पदंशाने किंवा अपघाताने गेलेल्या शेतकऱ्याच्या घरच्यांना गोपीनाथ मुंडे योजनेतून दोन लाखांचं अनुदान मिळतं, आणि त्यासाठी पंचनामा आणि पीएम रिपोर्ट लागतात. शेतकरी आत्महत्येच्या पात्र प्रकरणात मिळणारी एक लाखाची मदत वेगळी, तिथेही हेच कागद. उशीर बहुतेक वेळा पंचनाम्यामुळे होतो, कारण घटना दुसऱ्या तालुक्याच्या हद्दीत घडलेली असते. लग्नाला सात वर्षं झालेली नसतील तर तहसीलदारांना यावं लागतं. "पोलिसांचा पंचनामा, मग पीएम, मग ताबा, अंदाजे एवढे तास" असा क्रम कागदावर लिहून द्या. नोव्हेंबर २०२१ पासून सूर्यास्तानंतरही पीएम करता येतं, सोय असेल तर; खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेला मृतदेह किंवा संशयास्पद प्रकरण यांना ते साधारणपणे लागू नाही.

आणि आपण

रडू आलं तर येऊ द्या. डोळे भरून आलेली सिस्टर घरच्यांना परकी वाटत नाही. त्यांनाच तुम्हाला सावरावं लागेल असं वाटलं, तर मात्र पाच मिनिटं बाहेर जा आणि जोडीदाराला उभं करा.

बॉडी हलवण्याआधी एक मिनिट शांत उभं राहण्याची एक पद्धत आहे. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयातले परिचारक जोनाथन बार्टेल्स यांनी ती रूढ केली. पलंगाभोवती जे असतील त्या सगळ्यांनी, वॉर्डबॉय मामा आणि सफाईच्या मावशींसह, मिनिटभर थांबायचं. एक जण म्हणतो, "हे कुणाचे तरी वडील होते. आपण प्रयत्न केले. थोडं थांबू." याला पैसे लागत नाहीत, परवानगी लागत नाही. पहिल्या दोन वेळा अवघडल्यासारखं होतं, तिसऱ्यांदा लोक स्वतःहून थांबतात.

त्याच शिफ्टमध्ये, घरी जाण्याआधी, दहा मिनिटं बसा. काय घडलं, काय नीट झालं, काय अडलं, कुणाला जास्त लागलं. चूक कुणाची ते या बैठकीत काढायचं नाही. त्यासाठी मृत्यू आढावा बैठक वेगळी असते. दोन्ही एकत्र केलं की पुढच्या वेळी कुणी तोंड उघडत नाही. तरुण मृत्यू, बाळंतिणीचा मृत्यू, लेकराचा मृत्यू, ओळखीच्या गावचा माणूस, या चार वेळी ही बैठक चुकवू नये. प्रभारी सिस्टरांनी एवढं तरी करावं, की लहान मूल गेल्यावर ते गुंडाळणाऱ्या सिस्टरला लगेच दुसऱ्या मुलाची सलाइन लावायला पाठवू नये. अर्धा तास औषधांची ट्रॉली, नोंदी, काहीही दुसरं द्यावं.

वॉर्डबॉय मामा आणि सफाईच्या मावशी यांचा विचार कुणीच करत नाही, आणि मला हे फार खटकतं. बॉडी बांधणं, उचलणं, शवागारात ठेवणं सगळं त्यांच्याकडे. बातमीच्या वेळी त्यांना बाहेर काढलं जातं आणि बैठकीला बोलावलं जात नाही. शवागाराचं काम दारू घेतल्याशिवाय होत नाही असा समज पिढ्यानपिढ्या चालत आलाय, कारण त्यांना दुसरा आधार कधी दिलाच गेला नाही. जाड हातमोजे, मास्क, गमबूट, उचलायला दोन नव्हे, चार माणसं, कामानंतर अंघोळीला गरम पाणी आणि साबण, आणि ठरावीक महिन्यांनी बदली. एवढं मिळालं तर निम्मा प्रश्न सुटेल.

घरी पोचल्यावर अंघोळ करून मगच घरात वावरायची सवय आपल्याकडे आहेच, ती मुद्दाम पाळा. जेवण टाळू नका, नाइटनंतर आधी झोप. मृताचा फोटो, केसपेपरचा फोटो मोबाइलमध्ये ठेवू नका. तो रात्री पुन्हा पुन्हा उघडला जातो, आणि पेशंटच्या गुप्ततेचा भंग होतो तो वेगळाच. कुठल्या तरी एका सहकाऱ्याशी बोला, ज्याला केस समजावून सांगावी लागत नाही. घरच्यांना "आज जड दिवस होता" एवढं सांगितलं तरी पुरे.

काही दिवस झोप मोडणं, तोच चेहरा दिसणं, भूक नसणं हे अपेक्षित आहे. दोन आठवड्यांनंतरही झोप येत नसेल, त्या बेडकडे जाणं टाळत असाल, नातेवाईकांवर खेकसत असाल, काहीच वाटेनासं झालं असेल, किंवा गुटखा, दारू, झोपेच्या गोळ्या यांचं प्रमाण वाढलं असेल, तर मानसोपचार विभागात दाखवा. आपल्याच दवाखान्यात केसपेपर काढायचा संकोच वाटतो, तेव्हा टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास आणि मराठीत. जगणं नकोसं वाटायला लागलं तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी फोन करा किंवा सोबत कुणाला तरी घेऊन जा. कंत्राटी सिस्टरांना रजेची भीती असते हे मान्य. पण एका आठवड्याची ड्युटी बदलून घेणं प्रभारींच्या हातात असतं, आणि ते तोंडाने मागावं लागतं. प्रभारींनीही ते मागण्याची वाट न बघता, एका आठवड्यात तीन मृत्यू हाताळलेल्या सिस्टरला पुढची नाइट स्वतःहून बदलून द्यावी.